उंदीर गप हाय न्हवं?

सोलापूर
१२ जुलै २०२५

चि. पूनम हिस ताईचे अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल एक चिमटा.

तुझी सून हसेल, की सासूबाईंना अजून पत्रं येतात, फोन नाही का. फोन आहे गं. पण माझा फोन वाजला की दादा शेजारी येऊन बसतो आणि स्पीकर लाव म्हणतो. घराण्याच्या ग्रुपवर काही लिहावं तर मला दिसायच्या आधी ते गावी वळसंगच्या पारावर वाचलं जातं. तेव्हा जे दादाला कळायला नको ते टपालाने. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या की पत्र म्हणजे सभ्य माणसाचं कुजबुजणं. शाळेतलं एवढं एकच वाक्य आज उपयोगी पडतंय.

इकडे खुशाल. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. मधल्या दिवसांत वॉर्डाचा टँकर येतो, आला तर. आणि आपल्या बापूसाहेब दादाने बिरप्पा आजोबांना अमर करायचं ठरवलं आहे.

आजोबा इंग्रजांच्या पाणबुडीवर होते हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक. त्यांच्या दंडावर बिरुदेवाच्या नावाखाली इंग्रजीत सी-३९ असं गोंदलेलं होतं, आणि तू ती मेंढरांवर घालायची खूण समजायचीस. ते तिथे काय करत होते हे कोणी विचारलं नाही, त्यामुळे दादाला बढती देत राहायची मोकळीक मिळाली. माझ्या लग्नात आजोबा खलाशी होते, तुझ्या लग्नात तोफांचे प्रमुख झाले, आणि दादाच्या निवृत्तीच्या समारंभात थेट कप्तान.

हे आबासाहेबांच्या कानावर गेलं. आबासाहेब म्हणजे आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक. गेली बरीच वर्षं ते भावीच आहेत. इतर सगळे थोर पुरुष इतर मंडळांनी आधीच वाटून घेतलेत, त्यामुळे आजोबांसारखा बिनवारसा वीर मिळाल्यावर त्यांना फार आनंद झाला. आता दसऱ्याला गल्लीच्या कोपऱ्याचं नाव पाणबुडीवीर बिरप्पा चौक होणार आणि तिथे एक लोखंडी पाणबुडी बसणार. ज्या गावात बादली बुडेल एवढं पाणी नाही, तिथे पाणबुडी.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण तो कोपरा म्हणजे लालबीची काकणांची टपरी. आपल्याबरोबर चौथीपर्यंत बाकावर बसलेली लालबी. तिच्या आईने आपल्या दोघींचे लग्नाचे चुडे भरले, आणि या गल्लीतल्या प्रत्येक नव्या नवरीचा हात आजवर लालबीच्या हातात गेला आहे. तिला सांगितलंय की दसऱ्याच्या आत टपरी उचल. बदली जागा दिली आहे, मंडईच्या मागे, मुतारीला लागून. तिथे कोण काकणं भरायला येणार? तिला दुसरी मिळकत नाही. ती मला अजून ताईच्या मानाने बाजीच म्हणते; म्हणाली, बाजी, पान्यात गेले तुमचे आजोबा आन् बुडनार मी, ह्यो कुटला न्याय. तिथे मी हसले. घरी येऊन मात्र रडले.

तुझ्या घरापासून ते इंग्रजांचं बंदर जवळच आहे ना, जिथे जुन्या पाणबुड्या मांडून ठेवल्या आहेत? जाऊन विचार, आजोबा खरोखर कोण होते. वीर असतील तर मी तोंड मिटून लालबीला दुसरी जागा शोधते. नसतील, तर मला चारचौघांत बोलायला काहीतरी मिळेल. पण जपून. दादाने नवा कोट शिवायला टाकलाय, आणि बायपासनंतर पहिल्यांदाच तो दोनदा भाकरी मागून घेतोय.

मध्येच चहा ठेवायला उठले. काडी ओढण्याआधी सवयीने हवेत नाक वर करून विचारलं, उंदीर गप हाय न्हवं. दादाने पेपराच्या आडून उत्तर दिलं, गप हाय. फुलाबाई आजी गेली त्याला किती वर्षं झाली, पण तिची ही रीत या घरातून जात नाही. चुलीला काडी लावण्याआधी आजीने विचारायचं आणि आजोबांनी वास घेऊन उत्तर द्यायचं. गणपतीचा उंदीर असणार, दुसरं काय. तू तिकडे विजेच्या शेगडीला विचारतेस का गं?

माझी माया तुझ्याकडे आहेच, ती वजनात धरत नाहीत म्हणून पाकिटात घातली आहे.

तुझी,
विजयमालाताई


सोलापूर
२१ जुलै २०२५

प्रति,
चि. पूनम

विषय : आपले आजोबा कै. बिरप्पा यांच्या आरमारी शौर्याबाबत दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नाते.

अनेक शुभाशीर्वाद. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आजोबांच्या नावे चौक होत असून त्याकामी इंग्लंड सरकारचा, गोल शिक्का असलेला दाखला मिळाल्यास बरे होईल. त्यात 'कप्तान' हा शब्द यावा. ते शक्य नसल्यास 'उपकप्तान' चालेल. पदक मिळाल्याचा उल्लेख असल्यास पदकाचा रंगही कळवावा, कारण आबासाहेबांच्या मुलाने मोबाईलवर आजोबांचा फोटो तयार केला असून त्यात तूर्त सात पदके दाखवली आहेत. फोटोत आजोबा थोडे गोरे झाले आहेत, परंतु कान आपल्या घराण्याचेच आहेत.

लालबीबद्दल मला काही वाटत नाही असे नाही. परंतु विकासकामात कोणाची तरी टपरी मध्ये येतेच.

पूनम, मी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या नावाच्या फायली पुढे सरकवल्या. आपल्या घराण्याचे नाव एका तरी पाटीवर आलेले बघून जावे, एवढीच इच्छा उरली आहे.

या पत्राबाबत विजयमालास कळवू नये. ती हल्ली विरोधी पक्षात आहे.

मायेत खंड पडू देऊ नये.

तुझा,
बापूसाहेब


पोर्ट्समथ
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस पूनमचा वाकून नमस्कार. तुझा चिमटा पोचला, अजून चुरचुरतोय.

दादाचंही पत्र आलंय आणि त्याने ते तुला सांगू नको असं बजावलंय, म्हणून सांगते आहे. त्याला मी शोध चालू आहे एवढंच लिहिलं. तुला सगळं लिहिते. बसून वाच.

संग्रहालयात ऐंशीच्या घरातले एक म्हातारे गृहस्थ भेटले. स्वतः पाणबुडीवर नोकरी केलेले, कानात यंत्र. सी-३९ म्हणताच त्यांचा चेहरा असा उजळला, जसा आपल्याकडे घराण्यातल्या वाया गेलेल्या काकाचं नाव निघालं की उजळतो.

ताई, आपल्या पाणबुडीची कारकीर्द ऐक. १९१० साली ती पाण्यात सोडली तेव्हा मडमेने रीतीप्रमाणे तिच्या नाकावर दारूची बाटली फोडायला हात उगारला आणि नेम चुकला. बाटली बँडवाल्याला लागली. मग तिला पूर्वेकडे पाठवायचं ठरलं. एवढ्या लांब जायचा दम तिच्यात नव्हता, म्हणून एका मोठ्या बोटीने तिला दोर बांधून मुंबईपर्यंत ओढत नेली. तिथे शत्रूची वाट बघत ती बंदरात उभी राहिली. शत्रूला पत्ता सापडला नसावा. एकदा लाटसाहेबांसमोर बुडी मारून दाखवायची होती. मारली. खालच्या चिखलात रुतली ती भरतीपर्यंत वर आलीच नाही, आणि बँडवाल्यांनी तीच धून इतकी वाजवली की लाटसाहेब जेवायला निघून गेले. सगळं महायुद्ध तिने एकच पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, नेमका मारला, सरावाचा, तो बटाटे घेऊन येणाऱ्या आपल्याच होडीला. युद्ध संपल्यावर ती भंगारात विकली. भंगारवाल्याकडे ओढत नेताना दोर तुटला आणि ती बुडाली. अख्ख्या नोकरीत स्वतःच्या मनाने ती तेवढी एकदाच बुडाली.

आणि आजोबा? तिला ओढत आणणाऱ्या त्या मोठ्या बोटीवर साहेबांच्या चहाला बकरीचं ताजं दूध लागायचं. वळसंगचा एक धनगर आपल्या शेळ्या घेऊन नोकरीला लागला. शेळ्यांवरून त्याची बढती झाली ती उंदरांवर.

हसू नकोस. त्या पाणबुड्या पेट्रोलवर चालायच्या. बंद नळकांड्यात सोळा माणसं, आणि कुठेतरी पेट्रोल पाझरलं की त्याची वाफ साठायची. माणसं गुंगून पडायची, आणि एक ठिणगी उडाली की कोणी उरायचं नाही. म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. वाफ आली की माणसाच्या आधी उंदीर ओरडायला लागतात. पण खलाशी त्यांना साखर आणि चीज चारून इतके लठ्ठ करत की ते कायम झोपलेले. ते गप आहेत म्हणजे हवा चांगली आहे की ते मेलेत, हे कळायला मार्ग नाही. आजोबांचा उंदरांवर विश्वास नव्हता. ते स्वतः आत उतरायचे, नाक वर करून वास घ्यायचे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय इंजिनाला कोणी हात लावत नसे.

हे त्या म्हाताऱ्यांना कसं ठाऊक, तर सी-३९ वरच्या एका खलाशाने उतारवयात सांगितलेल्या आठवणी टेपवर आहेत. त्यांनी त्या लावल्या. खोकत खोकत तो गोरा माणूस सांगतो, की रोज सकाळी कप्तान विचारायचा, उंदीर कसे आहेत, आणि आमचा उंदीरवाला आपल्या भाषेत काहीतरी म्हणायचा, त्याचा अर्थ आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही, पण ते ऐकलं की आम्ही निर्धास्त व्हायचो. आणि तो खलाशी म्हणतो, गप हाय.

ताई, मी तिथल्या बाकावर बसून राहिले. म्हाताऱ्यांनी पाणी आणून दिलं. त्या काळी अशा कितीतरी बोटींवर स्फोट झाले म्हणे. सी-३९ वर एकही माणूस मेला नाही. तिने आयुष्यात तेवढंच धड केलं.

आता तूच ठरव, हे दादाला सांगायचं की नाही.

लालबीला माझा सलाम आणि तुला नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
पूनम


सोलापूर
३० ऑगस्ट २०२५

चि. पूनम हिस ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र गॅलरीत बसून वाचलं आणि त्या संध्याकाळी मला चहाची काडी ओढवेना. आजोबा आठवले. घोंगडीचा वास, आणि प्रत्येक खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबून नाक वर करणारे. आपण त्यांची नक्कल करायचो.

पण तुझं खरं इथे फार उपयोगाचं ठरलं नाही. आधी मी आबासाहेबांकडे गेले. म्हटलं, ही पाणबुडी एकदाही लढली नाही, चिखलात रुतली, आपल्याच बटाट्यांवर तीर मारला. त्यांनी चहा मागवला आणि प्रेमाने समजावलं, की काकी, लढलेल्यांचं स्मारक लई अवघड, कोणाविरुद्ध लढले ते निघतं, मग निवेदनं येतात. न लढलेला वीर सगळ्यांना चालतो. मी लालबीचं बोलले तर म्हणाले की तिला उद्घाटनात मानाचं स्थान देऊ, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींना काकणं तिनेच भरायची. म्हणजे टपरी काढायची आणि काकणं मात्र भरून घ्यायची.

मग वाटलं दादालाच सांगावं. त्याने निदान आबासाहेबांना नको म्हटलं तर थांबेल. रात्रीच्या जेवणानंतर विषय काढायचा ठरवलं. तो नवा कोट घालून आरशासमोर उभा होता. मला विचारलं, आजोबा असेच ताठ उभे राहत असतील ना. मी म्हटलं, हो. झालं.

पाणबुडी तयार होते आहे. तुला खोटं वाटेल, पण ती वॉर्डाच्या टँकरची केली आहे. टँकर जुना झाला, आता नवा मंजूर होईल, तोवर याचा सदुपयोग करू, असं ठरलं. नवा मंजूर झालेला नाही. त्यामुळे सध्या आमच्याकडे पाणी नाही, पण पाणबुडी आहे. तिला करडा रंग दिला, मागे दार कापलं, वर दुर्बिणीची नळी बसवली. सांडपाण्याच्या पाइपाची आहे. दोन्ही बाजूंना आबासाहेबांचं नाव, आणि शेपटीकडे, जिथे धूळ उडते तिथे, आजोबांचं.

चंद्रव्वा, आमची भांडीवाली, रोज कामाला येताना तिच्याकडे बघून हात जोडते. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, बाई, आत पानी असंल तर मिळंल की.

परवा लालबीने टपरीचे पत्रे सोडायला सुरुवात केली. खालचे दोन सोडले, वरच्याला हात लावेना. म्हणाली, दसऱ्यापर्यंत सावली तरी ऱ्हाऊ दे.

मला समारंभात आभार मानायचे आहेत, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून. पूनम, मी ठरवलंय. आभार मानताना सगळं सांगणार. दादा मला माफ करील की नाही ते माहीत नाही, पण लालबी सावली सोडून जाते आहे हे गॅलरीतून मला बघवत नाही. तिथे एखादा फोटो आहे का आजोबांचा? असला तर धाड.

रागलोभ दोन्ही माझे, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी ताई


पोर्ट्समथ
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

फोटो सोबत आहे. सी-३९ च्या पाठीवर ओळीने उभे सोळा गोरे, आणि टोकाला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात पिंजरा. कान पाहा. दादाच आहे तो. खाली सगळ्या खलाशांची नावं आहेत आणि आजोबांच्या जागी नुसतं 'उंदीरवाला' लिहिलंय.

ताई, भाषण करशील तेव्हा आवाज खाली ठेव. आठवतं ना, वक्तृत्व स्पर्धेत तू इतकी जोरात बोललीस की परीक्षकांनी खिडकी लावून घेतली? आणि दादाच्या गोळ्या पर्समध्ये ठेव. मला इकडे झोप नाही. लालबीसाठी काहीतरी कर, पण दादाला एकट्याला घरी जाऊ देऊ नकोस.

नमस्कारात माझी काळजीही धरावी.

तुझी,
पूनम


सोलापूर
४ ऑक्टोबर २०२५

चि. पूनम हिस ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी सांगते, सगळे धडधाकट आहेत. ग्रुपवर तू जे वाचलं असशील ते वळसंगच्या पारावरचं तिखटमीठ आहे.

दसऱ्याला सकाळपासून ऊन. मांडव, ढोल, आणि कोपऱ्यावर गुलाबी सॅटिनमध्ये गुंडाळलेली पाणबुडी. लालबीला एका खुर्चीवर बसवलं होतं, मांडीवर काकणांची पेटी. मागे तिची टपरी, खालचे दोन पत्रे सोडलेली, वरचा मात्र तसाच. कार्यक्रम झाल्या झाल्या उचलायला हातगाडी येऊन उभी होती. माझ्या पर्समध्ये तुझा फोटो आणि दादाच्या गोळ्या.

आबासाहेबांनी कार्यक्रम असा आखला होता की दसरा म्हणजे शस्त्रपूजा, तर त्यांनी स्वतः पाणबुडीच्या आत जाऊन समई लावायची आणि लगेच इंजिनाचा आवाज सुरू व्हायचा. आवाज खरा हवा म्हणून डेकोरेटरने आत पेट्रोलवरचा जनरेटर ठेवला होता. आधी कोणाला दिसू नये म्हणून दारही रात्रभर बंद. जे इंग्रजांनी केलं तेच आम्ही शंभर वर्षांनी, उंदरांशिवाय.

घराणं म्हणून आत दादा आणि मी, आणि समई लावायला आबासाहेब. बाहेर शंभरेक माणसं आणि लालबी दाराला लागूनच. आबासाहेबांनी काडेपेटी काढली. पूनम, मला भाषणाची इतकी धास्ती होती की मला काही सुचत नव्हतं. पण काडी दिसली आणि तोंडातून आपोआप निघालं, उंदीर गप हाय न्हवं.

आबासाहेब हसले. माईक चालू होता, त्यामुळे बाहेरचे सगळे हसले.

दादाने सवयीने नाक वर केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने उत्तर दिलं नाही. पुन्हा वास घेतला. मग त्या कोटासकट वाकून त्याने आबासाहेबांच्या हातावर अशी चापट मारली की काडेपेटी दाराबाहेर लालबीच्या पेटीत जाऊन पडली. आणि माईकवर, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, आजीच्या बोलीत ओरडला, न्हाय, गप न्हाय, भायेर व्हा समदी.

जनरेटरची टाकी पाझरली होती. पायाखाली सगळं ओलं. आम्हाला तो नव्या रंगाचा वास वाटला होता. बंब आला, त्यांनी आत यंत्र धरून पाहिलं आणि आबासाहेबांना बाजूला घेऊन जे सांगितलं त्याने ते मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. एक काडी, एवढंच बाकी होतं. आम्ही तिघं, आणि दाराशी लालबी.

मग सगळे पांगले, दादा लालबीच्या खुर्चीवर बसून राहिला, आणि लालबी त्याला वारा घालत उभी. तो मला म्हणाला, विजू, हे मला कोणी शिकवलं गं. मी पर्स उघडली. फोटो काढून दिला आणि तुझ्या पत्रातलं सगळं, टेपवरच्या खलाशासकट, सांगितलं. त्याने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मला वाटलं आता गोळी द्यावी लागणार. त्याने पिंजऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, सोळाच्या सोळा जिवंत आले परत? मी हो म्हटलं. त्याने कोट काढून घडी केला आणि लालबीला म्हणाला, तुझी टपरी कोण उचलतो ते मी बघतो.

थकले आहे. बाकी नंतर. तुझी काळजी आता माझ्या काळजीला मिळू दे.

तुझी ताई


सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. पूनमस अनेक आशीर्वाद.

विषय लिहायचा राहिला. राहू दे.

दाखला नको. पण त्या संग्रहालयाला लिही की फोटोखाली सोळा नावे आहेत तशी सतराव्याचेही घालावे. बिरप्पा, मुक्काम वळसंग. 'उंदीरवाला' खोडू नये. ते हुद्दा म्हणून राहू द्यावे.

आबासाहेबांना मी लेखी कळवले आहे की आमच्या आजोबांच्या नावाने कोणाचीही जागा घेऊ नये, घेतल्यास घराण्याची हरकत आहे. चाळीस वर्षे हरकती फेटाळल्या, पहिल्यांदाच एक केली. बरे वाटले. ते तसेही सध्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत.

लालबीच्या टपरीचा वरचा पत्रा होताच. खालचे दोन मी धरले आणि तिने खिळे ठोकले. एक घाव माझ्या बोटावर बसला.

तू इकडे ये. खूप दिवस झाले.

दादा


सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. पूनम हिस ताईचे आशीर्वाद आणि या वेळी चिमटा नाही.

दादाचं बोट बरं आहे. फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे, सात पदकांचा काढून. येणाऱ्या प्रत्येकाला तो पिंजऱ्यापासून गोष्ट सांगायला लागतो. आजोबा आता कप्तान नाहीत, पण कप्तान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे, हे तो अशा आवाजात सांगतो की मला वाटतं ही बढती सगळ्यात मोठी झाली.

चौकाची पाटी आलीच नाही. पण रिक्षावाले आपल्या कोपऱ्याला उंदीर चौक म्हणतात. आबासाहेब दुसरा वीर शोधताहेत, या वेळी कोरडवाहू.

पाणबुडी पंधरा दिवस इथेच पडून होती. मग क्रेन आली आणि दोर बांधून ओढत नेली. तिच्या घराण्यात स्वतः चालत जायची पद्धत नाही. नवा टँकर मंजूर झालाच नाही. शेवटी परवा, नळाला पाणी येऊन गेल्याच्या सहाव्या दिवशी, गल्लीत भोंगा वाजला. बघते तर पाणबुडी. दार पुन्हा जोडलेलं, आतून धुतलेली, करडा रंग तसाच, आणि वर ती दुर्बिणीची नळी. पाणी वाटत आली. चंद्रव्वा पहिली घागर लावून उभी होती आणि मला वर बघून ओरडली, सांगत न्हवते का बाई, आत पानी हाय. आम्ही ते भांड्यांना आणि झाडांना वापरतो, प्यायला नाही. पण युद्ध संपून इतकी वर्षं झाल्यावर का होईना, एक पाणबुडी नोकरीवर रुजू झाली.

लालबीची टपरी जागच्या जागी आहे. दिवाळीत तिने इतकी काकणं भरली की तिचा हात दुखतोय, आणि ती कुरकुर अगदी आनंदाने करते. संध्याकाळी दिवेलागणीला ती टपरीत ऊद लावते. हल्ली काडी पेटीवर टेकवते आणि थांबते. मान वर करून आपल्या गॅलरीकडे बघते आणि मोठ्याने विचारते, बाजी, उंदीर गप हाय न्हवं.

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून, पेपराच्या आडून, दादाचं उत्तर येतं. मग ती काडी ओढते.

तू येशील तेव्हा तुझ्या हातात हिरवी भरायची असं ती म्हणते. माप ठाऊक आहे म्हणे, पण तिकडचं चीज खाऊन बदललं असेल तर आधी कळव.

वाट बघणारी,
तुझी ताई